चढावर प्रणाम करणारी मोटारसायकल

उरवाईच्या चढावर माणसांची ही गर्दी झाली होती. त्रिकालनाथ महाराजांचा चेला केदारची मोटारसायकल घेऊन वर आला आणि मधल्या वळणावर गाडीने आचके देत मान झुकवली.

"देखो! बेटा माँ को प्रणाम कर रहा है!" त्रिकालनाथ गरजला. लोकांनी हात जोडले. आईने हेडलाइटवरून हात फिरवला.

केदार माझा धाकटा भाऊ. डेंग्यूने गेला. मला अजून रडूही आलं नव्हतं. पुण्याहून घरी आले, तर आईने इन्सुलिन बंद केलेलं. "महाराज म्हणतात, केदार सांभाळतोय. मग सुई कशाला?"

इंजिनं ट्यून करणं हेच माझं काम. मी चेल्याकडे किल्ली मागितली.

"पराए हाथ से आत्मा रूठ जाएगी," त्रिकालनाथ म्हणाला.

"मैं बहन हूँ उसकी."

तिसऱ्या गिअरमध्ये चढवली, आचके बसले. दुसऱ्यात चढवली, काहीच नाही.

"भैया, दूसरे में क्यों नहीं चढ़ाते?" मी चेल्याला विचारलं.

केदारने सायलेन्सर बदलून इंजिनाला वेगळा कंट्रोलर बसवला होता. त्यात एक तक्ता असतो: इंजिन किती वेगाने फिरतंय, थ्रॉटल किती उघडलंय, त्यावरून पेट्रोल किती फवारायचं ते ठरतं. वेग कमी आणि थ्रॉटल पूर्ण, तिथल्या चौकटींत पेट्रोल कमी पडत होतं. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर इंजिन नेमकं तिथेच यायचं, जोर तुटायचा आणि गाडी पुढे झुकायची.

लॅपटॉप जोडून मी ते आकडे वाढवले. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सरळ वर गेली.

"मशीन लगाके आत्मा भगा दी!" त्रिकालनाथ ओरडला.

मी जुने आकडे टाकले. आचके परत आले. नवे टाकले, गेले.

"और कितनी बार भगाऊँ, महाराज?"

कुणीतरी हसलं. हळूहळू लोक पांगले. त्रिकालनाथ रिक्षात बसून निघून गेला.

"जुनेच आकडे राहू दे ना, श्रुती," आई म्हणाली.

मला काहीच वाटत नव्हतं. मी लॅपटॉपची वायर काढली.

"आई, तो नव्हता गं. पेट्रोल कमी पडत होतं."

तिने हेडलाइटवरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "चल घरी. सुई दे मला."

कुणी चमत्कार दाखवला, तर तो दुसऱ्याच्या हातून घडतो का ते बघा. एक गोष्ट बदला आणि पुन्हा बघा. आणि कुणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवू नका. गेलेल्या माणसावर प्रेम करायला त्याच्या गाडीला झुकावं लागत नाही.