शारदाच्या बाहुलीची मान

माझी बायको शारदा तापाने गेली, त्याला पाच महिने झाले. ती आमच्या पडवीत रिहे गावातल्या बायकांना कापडी बाहुल्या शिकवायची. आता मी शिकवतो. कागदाचा नमुना ठेवून कापड कापायचं काम आधीपासून माझंच होतं, त्यामुळे जमेल असं वाटलं. शिवण जमली, दोऱ्याने नाक-डोळे काढणं जमलं. मान जमली नाही.

आमची प्रत्येक बाहुली मान टाकायची. शारदाची कधी टाकत नव्हती. पण आत चिंध्या भरायचं काम तिने कुणाला दिलंच नव्हतं. "ते माझ्यावर सोडा," म्हणायची. बायका पूर्ण शिवलेलं अंग देऊन जायच्या आणि दुसऱ्या दिवशी भरलेलं, चोळी घातलेलं घेऊन साडी नेसवायला बसायच्या. मी तेव्हा शेतावर असायचो.

सोमवारी भरे गावातल्या बारा बायका शिकायला येणार होत्या. शारदानेच त्यांना शब्द दिला होता. असल्या बाहुल्या पाहून त्या पुन्हा आल्या नसत्या. शिकवणी बंद पडली की शारदाचं या घरात चालू असलेलं काहीच उरणार नव्हतं. ते मी होऊ देणार नव्हतो.

शनिवारी शिकणाऱ्यांपैकी सुंदराने नुकतीच भरलेली बाहुली मांडीवर उभी धरली. डोकं छातीवर आलं.

"ही तर माझ्या सासऱ्यावानी दिसतीया," ती म्हणाली. "जेवला की असाच बसतोय."

तिच्या शेजारी बसलेली पिंकी हसली. "दादा, काडी घाला की मानंत."

"ल्हान पोरं खेळणार, टोचंल," मी म्हणालो. "शारदानं कधी काडी घातली न्हाई."

"मग काय घातलं?"

मला माहीत नव्हतं. मी उठलो आणि शारदाच्या फोटोजवळची बाहुली आणली. हिरव्या लुगड्यातली. ताप यायच्या आधी तिने पुरी केलेली शेवटची. मी कात्री घेतली.

तुळजाबाई, माझी चुलती, जोरात म्हणाली, "कैलास, ठेव ती! तिच्या हातची शेवटची हाय."

"म्हणूनच हीच उसवायची, काकी. दुसरी कुटं हाय?"

"पुन्ना तशी व्हायची न्हाई."

"न्हाई तर न्हाई."

लुगडं सोडलं, चोळी काढली. आम्ही भरायला डोक्यावर जागा उघडी ठेवत होतो. हिच्या डोक्यावर भरून मिटवलेली शिवणच नव्हती. ती पाठीवर होती. शारदा डावखुरी, त्यामुळे तिची गाठ कुठे असेल ते मला ठाऊक होतं. तिथून एकेक टाका कापला.

पोटातल्या चिंध्या सहज निघाल्या. मान मात्र हलेना. आत जुन्या लुगड्याच्या काठाची अंगठ्याएवढी घट्ट गुंडाळी होती, अर्धी डोक्यात, अर्धी छातीत. डोकं कवठासारखं टणक.

तुळजाबाईने बोट घालून पाहिलं. "हिनं डोकं आधी भरलंय," ती म्हणाली. "आन आपुन भाताचं पोतं भरतोय तसं, खालनं वर."

"आन वरनं ठोकतोय बी!" सुंदरा म्हणाली. "अगं बया!"

पोत्याला मान नसते. आम्ही नवीन अंग घेतलं, डोक्यावरची उघडी जागा शिवून टाकली, पाठ उसवली, डोकं भरलं, गुंडाळी घातली, मग पोट. सुंदराने ती बाहुली वर फेकून झेलली. मान ताठ.

"आता सासऱ्याला बी भरून घे," पिंकी म्हणाली.

तुळजाबाईने सुई ओवली आणि शारदाची बाहुली जवळ ओढली. "आण, शिवून देते. ठिव पुन्ना फोटोपाशी."

"नको काकी. उघडीच राहू दे. सोमवारी बारा जणींनी बोट घालून बघायला पायजे."

तिने सुई कापडात खोचून ठेवली आणि बाहुलीच्या लुगड्याची घडी घातली.

मी आत गेलो, शारदाची पेटी उघडली, तिची लुगडी बाहेर आणली आणि काठ फाडायला बसलो. बारा गुंडाळ्या लागणार होत्या.