दाढेची जागा

बेंबळी गावात कुणाचं दार घासायला लागलं की नानासाहेबांना बोलावणं जायचं. नानासाहेब रंधा घेऊन यायचे आणि सोबत फुकटचे चार सल्लेही आणायचे. सुतारकाम त्यांच्याकडे बापजाद्यांकडून आलं नव्हतं; आयटीआयमध्ये पहिला नंबर काढून त्यांनी ते कमावलं होतं. चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. निदान ते स्वतः तरी तसंच सांगत.

त्यामुळे धाराशिवच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टर शाहिस्ता बोलू लागल्या तेव्हा सून संघप्रिया गोंधळली, पण नानासाहेब गालातल्या गालात हसत होते. त्यांची सात वर्षांची नात श्रावस्ती हिची खालची दुधाची दाढ किडून काढावी लागली होती. तिथं पक्की दाढ यायला अजून चार वर्षं अवकाश. तोवर जागा मोकळी राहिली, तर मागची दाढ पुढं सरकून ती बळकावणार आणि नवी दाढ वाट मिळेल तिथून वाकडी उगवणार. म्हणून मागच्या दाढेवर स्टीलची रिंग बसवायची आणि रिंगेला जोडलेली तार पुढच्या दाढेला टेकवून ठेवायची.

"म्हंजी चौकटीची पट्टी!" नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "नवी चौकट उभी करताना आमी खाली आडवी पट्टी ठोकतो, मॅडम. न्हायतर भिंत चढताना चौकट आत दबती अन् दार बसत न्हाय."

"अगदी बरोबर, काका," डॉक्टर खूश झाल्या. "आता मी सगळ्यांना असंच सांगत जाईन."

झालं! त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर नानासाहेब दातांवर व्याख्यानं देऊ लागले. डॉक्टरनं आपला दाखला उचलला, हे सांगितल्याशिवाय त्यांचा कप रिकामा होत नसे.

मुलगा अमरदीप पुण्याच्या कंपनीत. संघप्रिया लोहाऱ्याच्या तहसीलमध्ये क्लार्क. सकाळच्या एसटीनं जायची ती अंधार पडताना परतायची. श्रावस्तीची शाळा, डबा, दोन वेळा दात घासून घेणं, सगळं नानासाहेबांकडे होतं, आणि त्यांच्याकडे आहे म्हणून संघप्रिया निर्धास्त होती.

चार महिन्यांनी त्यांनीच घोळ घातला. चिकट काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण बाजारातून येताना त्यांनी शेंगदाण्याची चिक्की आणली. एकच तुकडा, म्हणाले. त्या एका तुकड्याला चिकटून रिंग बाहेर आली.

नानासाहेबांनी रिंग धुतली, पोरीचं तोंड उजेडाकडे केलं आणि बघितलं. जागा जशीच्या तशी होती. मग त्यांच्यातला सुतार बोलला. भिंत पक्की झाली की पट्टी काढूनच टाकतात. ती कायमची कोण ठेवतं? चार महिने झाले, म्हणजे भिंत केव्हाच बसली.

"आता गरज न्हाय हिची," त्यांनी निकाल दिला. "आईला मी सांगतो येळ बघून. तू बोलू नगं."

ती वेळ काही आली नाही. तरी मापाशिवाय विश्वास ठेवणारा हा माणूस नव्हे. त्यांनी बांबूची एक काडी तासून, घासून, त्या जागेत नेमकी बसेल अशी केली आणि दर रविवारी संघप्रिया बाजाराला गेली की पोरीच्या तोंडात धरून बघू लागले. तीन रविवार काडी सुरेख बसली. चौथ्या रविवारी अडली. हवेनं फुगली असेल, असं ते स्वतःशीच म्हणाले. वाळका बांबू असा फुगत नसतो, हे त्यांच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यापुढच्या रविवारी काडी आत जाईचना. नानासाहेबांनी काडी खाली ठेवली. लाकूड कापल्यावर गप्प पडून राहतं. पोरीची दाढ जिवंत होती, ती चालत आली होती.

रात्री त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं, "रिंग निघालीया. दावून आणू." कधी निघाली हे तिनं विचारलं नाही आणि त्यांच्या तोंडून निघालं नाही. तिनं रजा टाकली.

दवाखान्यात डॉक्टरांनी श्रावस्तीला खुर्चीत बसवलं. "कधी निघाली गं रिंग?"

श्रावस्तीनं आजोबांकडे बघितलं. "काल. जेवताना."

डॉक्टरांनी तीच रिंग पुन्हा बसवून बघितली. तार पुढच्या दाढेवर आपटत होती. दोनदा, तीनदा करून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "कालच निघाली असेल, तर मग माझंच माप चुकलं होतं म्हणायचं. सॉरी हं, ताई. पाच महिने चुकीची तार तोंडात राहिली पोरीच्या."

नानासाहेबांना बसवेना. एक तर नात त्यांच्यापायी खोटं बोलली होती, वर दुसऱ्याच्या चोख मापावर त्यांचा डाग पडत होता. ते उठून खुर्चीजवळ गेले.

"माप तुमचं बराबर हुतं, मॅडम. चुकलं ते माझं. चिक्की म्या दिली. रिंग निघून पाच आठवडे झाले. पोरीला गप म्या बसवलं."

"पाच आठवडे?" संघप्रियाचा आवाज चढला. घरात तो कधीच चढला नव्हता. "मामा, तुमच्या भरवशावर मी रोज घर सोडून जाते!"

एवढी लाज नानासाहेबांना उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"बरं झालं सांगितलंत, काका," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर मी आजच नवीन माप घेऊन लहान जागेचीच तार केली असती. दीड-दोन मिलिमीटर गेलेत. स्प्रिंग लावून दाढ मागे ढकलता येईल, मग परत रिंग. पण सहा महिने, दर पंधरा दिवसांनी आणावं लागेल. एकही खेप चुकवायची नाही. कोण आणणार?"

एरवी प्रश्न संपायच्या आत नानासाहेबांनी छाती ठोकली असती. आज ते फरशीकडे बघत राहिले. श्रावस्ती आईकडे बघत राहिली. संघप्रियानं पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली.

"मामा आणतील," ती म्हणाली. "तारखा त्यांनाच सांगा."

नानासाहेबांनी खिशातून कागद-पेन्सिल काढली. डोळ्यांत पाणी दाटल्यामुळे पहिली तारीख त्यांना दोनदा विचारावी लागली.