जाड डुकराला जाड गोळी

रानडुकरांनी आता चामोर्शी तालुक्यातून मुकाट्याने बिऱ्हाड हलवावं, त्यांचे दिवस भरले आहेत, असं देवाजीभाऊंनी वनखात्याच्या साहेबांसमोर भर मैदानात जाहीर केलं. मग वडिलांची रायफल खांद्याला लावून त्यांनी समोरच्या पुठ्ठ्यावर तीन गोळ्या झाडल्या. एक कुठे गेली ते तिलाच ठाऊक. दोन लागल्या, पण आडव्या. भोकं गोल नव्हेत, लांबट.

पीक नासवणारी डुकरं मारायची परवानगी कुणाला द्यायची, त्याची ही चाचणी. दुसरी फेरीही हुकली तर भाऊंचं नाव कटणार, आणि धानात डुक्कर शिरलं की त्यांचंच गाव शेजारच्या गावच्या राजदीपला बोलावणार. हे भाऊंना फार झोंबत होतं.

त्यांनी संशय घ्यायला सुरुवात केली. काल रायफल पुसली ती साळ्याने, अंकुशने, म्हणजे तोच. नाहीतर नागपूरचा दुकानदार. नाहीतर पुठ्ठा लावणारा. एवढ्यात राजदीप स्वतःहून मदतीला आला आणि बाकीचे सगळे निर्दोष सुटले.

राजदीपने गोळी हातात घेऊन वजन विचारलं. दुकानातली सगळ्यात जड, भाऊ अभिमानाने म्हणाले. वडील हलकीच वापरत; पण त्या काळची डुकरंही किरकोळ होती.

"तुमच्या नळीतल्या खाचाईचा पीळ सैल हाय, भाऊ," राजदीप म्हणाला. "जड गोळी लांब असते, तिले गिरकी पुरत नाई. ढिल्ल्या हातानं सोडलेला भोवरा कसा लोळते? माह्या नळीचा पीळ घट्ट हाय, तिले दोन्ही चालते. ह्या हलक्या घ्या."

साहेबांनी गोळ्या बदलायची परवानगी दिली. भाऊंनी गोळी हुंगली, कानाशी हलवली, आणि आधी राजदीपलाच दोन झाडायला लावल्या. भोकं गोल पडली. पण ती त्याच्या रायफलीतून!

मग भाऊंनी साफसफाईच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, गजावर खडूची खूण केली आणि तो आपल्या नळीत रेटला. गज पिळाबरोबर फिरत आत गेला. खूण एक गिरकी घेऊन पुन्हा वर यायला गज दीड वीत आत जावा लागला. राजदीपच्या नळीत जेमतेम एक. नळी खोटं बोलत नव्हती. आता राजदीपच्या पोटात काय आहे तेवढंच कळायचं होतं.

भाऊंनी हलक्या गोळ्या झाडल्या. सगळी भोकं गोल, तळहाताखाली झाकतील अशी. साहेबांनी दोघांचीही नावं पक्की केली.

"बरं झालं," राजदीप म्हणाला, "नाईतर दोन्ही गावाईत मीच एकटा धावलो असतो."

इतकं सरळ कारण भाऊंना पटणं शक्य नव्हतं. राजदीप जवळ सरकून हळूच म्हणाला, "भाऊ, एक काम होतं." भाऊंनी रायफल बगलेत घट्ट धरली. शेवटी आला मुद्द्यावर.

"तुमच्या पायाजवळ माह्या रिकाम्या पुंगळ्या पडल्या हायेत, सायबाले परत द्या लागते. माही कंबर धरली हाय. तेवढ्या उचलून देता का?"