जावेचं गिऱ्हाईक

दोघी सख्ख्या जावा. त्यांचे नवरे, भाऊ-भाऊ, वेगळे झाले तेव्हा कपडे धुण्या-इस्त्रीचा धंदाही वाटला गेला. रस्त्याच्या एका टोकाला थोरलीचं दुकान, दुसऱ्या टोकाला धाकटीचं. भाव एकच. बोलून कधी ठरवला नव्हता. एकीने पाटीवरचा आकडा वाढवला की आठवड्यात दुसरी वाढवायची, आणि गिऱ्हाईक दोघींच्या नावाने बोटं मोडायचं.

तरी गर्दी धाकटीकडे जास्त. थोरलीला ते सलायचं. शेवटी तिने भाव उतरवला. माणसं आली, पण सगळी नवी. धाकटीने तर आकडा बदललाही नाही. थोरलीचा जळफळाट झाला.

मग शहरभर दुकानं असलेल्या एका कंपनीचा माणूस आला, आणि दुकान विकत मागायला थेट धाकटीकडे गेला. थोरलीचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी तिने त्याचं ऑफिस गाठलं.

"माझं दुकान मोठं, यंत्रं नवी, आणि मी तिच्यापेक्षा कमीत देईन. मला का नाही विचारलंत?"

माणूस सभ्य होता. त्याने आधी चहा मागवला. "बाई, तुमच्याकडे लोक स्वस्त म्हणून येतात. आम्ही आणखी स्वस्त लावलं की ते आपसूक आमचे. तुमच्या जावेकडचे हलायचे नाहीत."

"असं काय करते ती?"

"तुटलेली बटणं न सांगता लावून देते म्हणे. कुणाला बाहीवर घडी नको, हे तिला पाठ आहे."

चहा तसाच ठेवून थोरली उठली.

धाकटीने कंपनीला नकार दिला. कंपनीने मग रस्त्याच्या मधोमध दुकान थाटलं, आणि चार महिन्यांत थोरलीचं शटर कायमचं खाली आलं.

धाकटी थोरलीच्या घरी आली. "ताई, माझ्याकडे या. एकटीला काम आवरत नाही."

"कीव करतेस?"

"कीव कसली? तुमच्यासारखी इस्त्री मला जन्मात जमली नाही."

नाइलाज होता, पण ते ऐकून बरंही वाटलं. थोरली गेली.

दुसऱ्याच सकाळी एक म्हातारे गृहस्थ शर्ट न्यायला आले. कॉलर न्याहाळत धाकटीला म्हणाले, "वहिनी, तुमच्या हाताला तोड नाही."

"ती ताईंची इस्त्री."

"हो का?" त्यांनी थोरलीकडे ओझरतं पाहिलं, आणि पुन्हा धाकटीकडे वळून नातवाचं सांगू लागले. नातू कितवीत, त्याला ताप कधी आला होता, सगळं तिला ठाऊक होतं.

थोरलीने पुढचा शर्ट पसरला. मान वर न करता ती एकेक शब्द ऐकत राहिली.