मिठाची वाटी

डोमाजी मेश्रामांना विद्यापीठाचं वावडं आहे, असं त्यांच्या घरात सगळेच धरून चालले होते. माणूस तिथंच बी.एस्सी., एम.एस्सी. झालेला, त्याच जोरावर त्याच शहरातल्या खमरियाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी काढलेला. पण परत तिकडं पाऊल टाकायचं नाव नाही. दर वर्षी स्थापना दिवसाचं बोलावणं यायचं आणि दर वर्षी नेमकं त्याच दिवशी डोमाजींचं काहीतरी दुखायचं. एका वर्षी गुडघा, एका वर्षी दाढ. कलावतीबाई म्हणायच्या, "तुमचं दुखणं तारीख पाहून येते काय हो?"

तिथल्या स्थापना दिवसाची रीत खरं तर मोठी गोड होती. वसतिगृहाच्या अंगणात नव्या मुलांची पंगत बसायची आणि जुन्यांनी त्यांना वाढायचं. गेल्या साली जो पानावर बसला, तो यंदा वाढपी. मोठमोठे साहेब झालेले लोकसुद्धा त्या दिवशी बाह्या सरसावून पुऱ्यांची टोपली घेऊन फिरायचे. नव्याला घरची आठवण येऊ नये आणि जुन्याच्या डोक्यात हवा जाऊ नये, म्हणून कुणा शहाण्यानं ती सुरू केली असणार. त्या शहाण्याबद्दल डोमाजींची काहीच तक्रार नव्हती.

तक्रार वेगळी होती, आणि ती त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

गोंदियाकडच्या खेड्यातून आलेला डोमा पहिल्या वर्षी त्या पंगतीत बसला, तेव्हा एका वरच्या वर्गातल्या मुलानं त्याला आग्रह करकरून खीर वाढली होती. आईची आठवण काढून रडायच्या बेतात असलेलं ते पोरगं त्या खिरीनं सावरलं. पुढच्या वर्षी आपणही असंच कुणाला तरी वाढायचं, हे त्यानं तिथंच ठरवून टाकलं. पुढचं वर्ष आलं. धुतलेला सदरा घालून तो रांगेत उभा राहिला. कामं वाटणारा योगेंद्र स्वभावानं चांगला मुलगा होता, निदान सगळे तसं म्हणायचे. त्यानं कुणाला पुऱ्या दिल्या, कुणाला भाजी, कुणाला वरणाची बादली. डोमाच्या हातात मिठाची वाटी ठेवली आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुम नमक संभालो, भाई."

त्याच्या पुढच्या वर्षीही मीठच. शेवटच्या वर्षापर्यंत मीठच. शिजवलेलं अन्न डोमाच्या हातचं चालणार नव्हतं. मीठ कोरडं, त्याला कुणाचा हात बाधत नाही. कुणी एक वाकडा शब्द बोललं नाही. बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

आता त्याच वसतिगृहात त्यांची नात राहत होती. जुनी इमारत मधल्या काळात मुलींना दिली होती, आणि बालाघाटला राहणाऱ्या त्यांच्या मुलाची, अश्वजीतची, मुलगी मोना शिकायला आली ती हट्टानं तिथंच राहिली. शहरातच, गोरखपूर भागातल्या घरात आजीनं तिच्यासाठी खोली लावून ठेवली होती. पण आजीच्या लाडात अभ्यास होत नाही, असं तिचं म्हणणं. यंदा ती भोजन समितीची प्रमुख झाली होती आणि एका रविवारी पोहे खाता खाता तिनं विषय काढला.

"आबा, इस बार कोई बहाना नहीं. तुम्ही सगळ्यात जुने आहात. मैंने सबको बोल दिया है, माझे आबा येणार."

"माही दाढ जरा..." डोमाजींनी सुरुवात केली.

"ती दाढ तर कधीच काढली तुमची," कलावतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "पोरगी एवढी म्हणून राहिली, तर काहून नाही म्हणता?"

डोमाजींनी नातीकडं पाहिलं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आणि ज्या अंगणात ही पोर मैत्रिणींबरोबर खिदळत फिरते, तिथं आपलं जुनं दुःख नेऊन कशाला ठेवायचं? "चलो, येतो," ते म्हणाले. मोनानं पोह्यांचा हात तसाच त्यांच्या गळ्यात टाकला.

स्थापना दिवशी पांढरा शुभ्र झब्बा घालून ते कलावतीबाईंबरोबर रिक्षातून उतरले. अंगण होतं तसंच होतं, फक्त त्यांना वाटत होतं त्यापेक्षा लहान. सतरंज्यांवर नव्या मुली ओळीनं बसल्या होत्या, समोर पत्रावळी. एका बाजूला जुन्यांची रांग, आणि तिच्यासमोर ओढणी कमरेला खोचून मोना कामं वाटत होती. "दीदी, आप पूरी. आंटीजी, आप सब्जी." एका निवृत्त प्राध्यापकांनाही तिनं सरळ भाताच्या परातीकडं पिटाळलं. आपली नात इथं सगळ्यांना कामाला लावतेय, हे पाहून डोमाजींचा ऊर भरून आला. कारण असो नसो, ते तिच्याकडं पाहून हसत होते.

मग ती त्यांच्यासमोर आली. आबांचे हात हल्ली थरथरतात, बादल्या जड असतात, याचा तिनं आधीच विचार करून ठेवला होता. मागं लपवलेला हात तिनं कौतुकानं पुढं केला.

"तुमच्यासाठी सगळ्यात हलकं काम ठेवलंय, आबा. नमक."

स्टीलची लखलखीत वाटी होती. डोमाजींचा हात सवयीनं पुढं गेला आणि मध्येच थांबला. घ्यावी, एक चक्कर मारावी, घरी जावं. कुणाला काही कळणार नव्हतं. शिकत असताना दर वर्षी त्यांनी हेच तर केलं होतं. पोरीच्या डोळ्यांत नुसती माया होती. तरीही त्यांच्याच्यानं हात पुढं नेववेना.

"काय झालं, आबा?"

"मीठ नको, बेटा."

"क्यों?"

"इथं दरसाल मीठच देत होते मले. बाकीच्यायले भाजी, वरण. मले मीठ."

"मतलब तुम्ही तर एक्सपर्ट..." ती हसत म्हणाली, आणि हसता हसताच थांबली. मेश्रामांच्या घरातली पोर होती ती; बुद्धविहारात बसून लहानपणापासून सगळं ऐकलेली. तिला फोड करून सांगावं लागलं नाही. तिनं वाटीकडं पाहिलं, वरणाच्या बादलीकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"आबा, मुझे नहीं पता था. मी..."

"तुले कसं माहीत असन? मी कोणाले सांगतलंच नाही." डोमाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू माह्या थरथरत्या हाताकडं पाहून देल्लं. त्यायनं माही जात पाहून देल्लं. तुयी काही चूक नाही. पण आज मले वरण वाढू दे."

कलावतीबाई शेजारीच उभ्या होत्या. अख्ख्या संसारात न ऐकलेली गोष्ट त्यांनी आत्ता ऐकली होती. नवऱ्याच्या झब्ब्याची बाही नीट दुमडून त्यांनी कोपरापर्यंत वर सारली.

मोनानं वाटी बाजूच्या टेबलावर ठेवून दिली. मग बादलीची कडी एका बाजूनं तिनं धरली, दुसऱ्या बाजूनं आबांनी, आणि दोघं पंगतीत शिरली. डोमाजींच्या हातातला डाव थरथरत होता. पहिल्याच पानावर थोडं वरण भाताबाहेर सांडलं. त्या मुलीनं बोटानं ते आत ओढून घेतलं आणि खायला लागली. पुढची खायला लागली, तिच्या पुढचीही. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही, आणि डोमाजींना तेच फार बरं वाटत होतं. मागून येणारे पुरीवाले त्यांना ओलांडून गेले, तरी त्यांची घाई नव्हती. एकेक पान ते निगुतीनं वाढत होते.

ओळ संपून ते वळणार, तेवढ्यात मागून हाक आली.

"दादाजी, दाल थोड़ी और."

डोमाजी जागच्या जागी थांबले. मीठ कुणी पुन्हा मागत नाही. एवढ्या पंगतींतून ते फिरले होते, पण त्यांना परत बोलावणारं कुणी कधी भेटलं नव्हतं. चष्म्याआड डोळे भरून आले आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. ते तसेच मागं आले, त्या मुलीसमोर वाकले आणि वाढू लागले. इतकं, की ती पानावर दोन्ही हात आडवे धरून "बस, दादाजी, बस" म्हणत राहिली.