डोरल्याआडचा डाग

मी बोलतोय, छातीचे फोटो वाचणारा. हातपाय शोधू नका, मला नाहीत. मी एक प्रोग्राम आहे. बारामतीच्या एका दवाखान्यातल्या संगणकात राहतो. एक्स-रे आला की बघतो आणि संशयाच्या जागी लाल चौकोन काढतो. फुशारकी वाटेल, पण नजर आहे माझी!

मला घडवलं रश्मीनं. ती इथलीच, इंजिनिअर होऊन याच दवाखान्यात कामाला लागलेली. डॉक्टरांनी तपासलेले हजारो फोटो तिनं मला दाखवले. "ही न्यूमोनियाची सावली. हा जुना व्रण. आणि हे डोरलं, म्हणजे मंगळसूत्र, हा ताईत, हे बटण. यांना आजार म्हणायचं नाही, कळलं?" बाहेरून आलेले प्रोग्राम डोरल्याच्या वाट्या बघून गाठ गाठ म्हणून ओरडतात. मी नाही! मी बारामतीत शिकलोय.

आमच्याकडे बायका फोटोला उभ्या राहताना डोरलं पाठीवर टाकतात. पुढून दिसत नाही म्हणजे झालं, असं त्यांना वाटतं. पण एक्स-रे आरपार जातो, त्यामुळे पाठीवरचं डोरलंही फोटोत उतरतं.

सणसरच्या शकुबाईंनी हेच केलं. खोकला हटत नव्हता, म्हणून त्यांचे मालक सर्जेराव त्यांना घेऊन आले होते. फोटोत वरच्या बाजूला डोरल्याच्या दोन वाट्या चमकत होत्या. मी त्यातल्या एकीभोवती लाल चौकोन काढला.

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टर राजेश्वरी हसल्या. "रश्मी, तुझं लेकरू चुकलं गं. डोरलं आहे ते."

असा राग आला मला! अहो, डोरलं मला कळतं. वाटीची कड कशी स्वच्छ असते. या वाटीच्या कडेबाहेर काहीतरी धूसर डोकावत होतं. पण मला तोंड कुठंय? मी आपला चौकोन धरून बसलो.

रश्मी मात्र हसली नाही. "मॅडम, नुसत्या डोरल्याला तो चौकोन काढत नाही, आपणच शिकवलंय त्याला. मागं काहीतरी असेल. डोरलं काढून परत फोटो घेऊया का?"

डॉक्टरांनी फोटो पुन्हा निरखला आणि म्हणाल्या, "घ्या."

आता शकुबाई अडून बसल्या. "मालक जित्तं हायेत आन् मी डोरलं काढू? न्हाय जमायचं. खोकला ऱ्हायला तरी चालंल."

सर्जेराव उठले. "अगं, काढ की! मी काय लगेच मरतोय व्हय? पर तुला काय झालं, तर हे डोरलं कुणाच्या गळ्यात बघू मी?"

आणि त्यांनी हात पुढं केला. शकुबाईंनी डोरलं काढून त्यांच्या हातात ठेवलं.

दुसऱ्या फोटोत वाटी नव्हती, पण तिच्या जागी फुफ्फुसावर लहानसा डाग होता. थुंकी तपासली, तर टीबी निघाला. "वेळेत सापडला," डॉक्टर म्हणाल्या. "औषधं मध्येच सोडू नका, बऱ्या व्हाल." मग माझ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "शाब्बास रे!" त्या दिवशी मी जो फुगलो, तो फुगलोच.

औषधं संपवून शकुबाई आज पुन्हा आल्या. अंगावर मूठभर मांस चढलंय. दारातच त्यांनी आपणहून डोरलं काढून सर्जेरावांना दिलं. "धरा नीट. हरवलं तर दुसरं करावं लागंल!"

बायांनो, तुम्हीही असंच करा. डोरलं पाठीवर टाकू नका, मालकांच्या हातात द्या. त्यांना काही होत नाही, मी बघितलंय.

शकुबाईंचा फोटो आला. मी कोपरा न् कोपरा शोधला. जुना व्रण तेवढा दिसला.

मी एकही चौकोन काढला नाही. आजवरच्या कामात मला सगळ्यात जास्त अभिमान त्याचाच आहे.