गार कुपीचा उजेड

जयमालाने कुपी उचलली आणि लगेच खाली ठेवली. काच बर्फासारखी गार होती.

कुरुळीच्या या कारखान्यात गाड्यांमधल्या तारांच्या जोडांमध्ये पाणी शिरू नये म्हणून भरायचा जेल तयार होतो. तो किती दाट आहे हे पाहण्यासाठी त्यात एक रंग मिसळायची पद्धत जयमालाने बसवली होती. जेल पातळ असला की रंगाचा रेणू मोकळा वळतो आणि निळ्या दिव्याखाली जेमतेम दिसतो. दाट जेलमध्ये तो अडकतो आणि उजळतो. गाडी कंपनीचे शेखर साहेब आज ही पद्धत बघायला आले होते; कुपीत बाहेर ट्रकमध्ये भरलेल्या मालाचा नमुना होता. त्यांना पटली तर प्रयोगशाळा चालू राहणार होती. नाहीतर महिनाअखेर ती बंद आणि जयमालाची नोकरीही.

"शेठ, कुपी फ्रिजमध्ये कुणी ठेवली?" तिने हळूच विचारलं.

"म्या," मालक रणजीत म्हणाला. "गार केल्यावर जास्त चमकतं, तुमीच म्हनला व्हता न्हवं? पाव्हन्यांसमोर दिवाळी झाली पायजे."

शेखरने दिवा लावला. कुपी हिरवीगार पेटली.

"झकास! दाट आहे माल. ट्रक सोडा," तो म्हणाला.

रणजीतने तिला डोळ्यानेच दटावलं.

"साहेब, आधी चहा घ्या," जयमाला म्हणाली. "कुपी इथेच राहू द्या." तिने शेजारी मागच्या, पास झालेल्या मालाची कुपी ठेवली. ती फ्रिजमध्ये गेलेली नव्हती.

चहा होईतो पहिल्या कुपीतला उजेड उतरत गेला. दुसरीतला तसाच राहिला.

"काय मॅडम, बॅटरी उतरली का जेलची?" शेखरने विचारलं.

"गार होता तोवर दाट होता, साहेब. आता खोलीइतका गरम झालाय, तर पातळ पडला. बॉनेटखाली याहून तापेल आणि जोडातून वाहून जाईल."

रणजीतने कप आदळला. "मॅडम, पगार कोन देतंय तुमाला?"

"तुम्हीच, शेठ. म्हणून तर ट्रक गेटच्या आत आहे तोवर सांगितलं."

शेखरने दोन्ही कुप्या पुन्हा दिव्याखाली धरून पाहिल्या.

"हा माल मला नको," तो म्हणाला. "पद्धत चालेल. यापुढे प्रत्येक मालासोबत मॅडमने मोजलेला उजेडाचा आकडा पाठवा. शेजारी तापमानही लिहा."

शेखरची गाडी गेटबाहेर पडली. मग रणजीतने खिडकीतून ट्रकपाशी उभ्या हमालाला हाक दिली, "चिमाजी, ताडपत्री सोड! माल उतरवायचाय." आणि न वळताच विचारलं, "दुरुस्त व्हईल का वो मॅडम, का समदाच गेला?"

"होईल, शेठ. पण आधी सगळा परत टाकीत घ्यावा लागेल."